फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमाननिर्मिती

फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमाननिर्मिती म्हणजे संगणकावरील उड्डाणाच्या खेळात चालवता येईल असे विमान स्वतः रचणे. अशा विमानाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग डोळ्यांना दिसणारी त्रिमितीय आकृती हा होय. दुसरा भाग म्हणजे ते विमान हवेत कसे वागेल हे ठरवणारे आकड्यांचे वर्णन. यास उड्डाण-प्रतिमान म्हणतात. संगणकाच्या दृष्टीने हे दोन्ही भाग स्वतंत्र आहेत. आकृती कितीही देखणी असली तरी आकडे चुकीचे असल्यास विमान नीट उडत नाही. उलट आकृती साध्या ठोकळ्याची असली तरी आकडे बरोबर असल्यास ते योग्य रीतीने उडते. त्यामुळे नवशिक्याने प्रारंभ आकड्यांपासून करणे श्रेयस्कर ठरते.

या कामासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नसते. साधारण क्षमतेचा संगणक, विनामूल्य मिळणारी काही सॉफ्टवेअरे, माध्यमिक शाळेतील भूमिती व भौतिकशास्त्राचे ज्ञान आणि चिकाटी एवढ्यावर पहिले विमान उभे राहू शकते.

पार्श्वभूमी

जमिनीवर राहून उड्डाणाचा सराव करण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी इ.स. १९२९च्या सुमारास यांत्रिक सराव-यंत्र तयार केले. ते 'लिंक ट्रेनर' या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला.

घरगुती संगणकावर हा अनुभव आणण्याचे श्रेय ब्रूस आर्टविक यांना दिले जाते. त्यांच्या सबलॉजिक या संस्थेचा उड्डाणाचा खेळ इ.स. १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी निघाला. त्याच परंपरेतून इ.स. १९८२ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' आला. ऑस्टिन मायर यांचा 'एक्स-प्लेन' इ.स. १९९५ पासून उपलब्ध आहे. 'फ्लाइटगिअर' या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त प्रकल्पाचा प्रस्ताव इ.स. १९९६ मध्ये मांडला गेला. या तिन्हींमध्ये बाहेरच्या व्यक्तींनी तयार केलेली विमाने जोडता येतात.

सिम्युलेटरची निवड

विमान कोणत्या सिम्युलेटरसाठी करावयाचे, हे आरंभीच ठरवावे लागते. कारण प्रत्येकाची आकडे मागण्याची रीत वेगळी आहे.

एक्स-प्लेन: यात पंख, शेपूट व पंखा यांचे अनेक लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवेचे किती बल पडते ते मोजले जाते. निर्मात्याने विमानाची भूमिती, वजन व इंजिनाची शक्ती दिली की बले सिम्युलेटर काढतो. यासाठी 'प्लेन-मेकर' हे साधन सोबतच मिळते.

फ्लाइटगिअर: यात दोन प्रमुख पर्याय आहेत. 'यासिम' या पद्धतीत भूमितीबरोबर विमानाचा प्रवासी वेग व उतरण्याचा वेग द्यावा लागतो आणि त्यांना जुळतील असे गुणांक संगणक शोधतो. 'जेएसबीसिम' या पद्धतीत लिफ्ट, ड्रॅग इत्यादींचे गुणांक निर्मात्याने स्वतः तक्त्यांच्या रूपात लिहावयाचे असतात. पहिली पद्धत सोपी, तर दुसरी अधिक काटेकोर आहे. जेएसबीसिमसाठी आरंभीचा कच्चा आराखडा काढून देणारे 'एरोमॅटिक' हे साधनही आहे.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर: याच्या नव्या आवृत्त्यांत विकसकांसाठीचा साधनसंच मिळतो. दृश्य दर्जा उच्च असल्याने आकृती व रंगकामावर अधिक श्रम करावे लागतात.

फ्लाइटगिअर विनामूल्य असून त्यातील विमानांच्या धारिका साध्या मजकुराच्या स्वरूपात उघडून वाचता येतात. विद्यार्थ्यांना दुसऱ्याचे काम पाहून शिकण्यासाठी तो सोयीचा आहे.

उदाहरण: पस मॉथ

पहिल्या प्रयत्नासाठी जेट विमान किंवा लढाऊ विमान निवडू नये. एक इंजिन, स्थिर चाके आणि साधा पंख असलेले विमान घ्यावे. भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासात असे एक विमान आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले, ते डी हॅविलंड कंपनीच्या 'पस मॉथ' या विमानातून. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या सेवेतूनच पुढे टाटा एअरलाइन्स आणि नंतर एअर इंडिया उदयास आली.

पस मॉथचे पहिले उड्डाण इ.स. १९२९ मध्ये झाले. बंद केबिन, वरच्या बाजूस बसवलेला एकच पंख आणि त्याला खालून आधार देणाऱ्या दांड्या अशी त्याची रचना आहे. त्याची मुख्य मापे पुढीलप्रमाणे:

पंखांचा विस्तार: ११.२० मीटर
लांबी: ७.६२ मीटर
पंखांचे क्षेत्रफळ: २०.६ चौ. मीटर
रिकामे वजन: सुमारे ५७४ किलोग्रॅम
भरलेले वजन: सुमारे ९३० किलोग्रॅम
इंजिन: जिप्सी-३, १२० अश्वशक्ती
कमाल वेग: ताशी सुमारे २०६ किलोमीटर
प्रवासी वेग: ताशी सुमारे १७४ किलोमीटर

या आठ ओळींतून बरेच काही काढता येते. क्षेत्रफळास विस्ताराने भागले असता पंखाची सरासरी रुंदी १.८४ मीटर येते. विस्ताराच्या वर्गास क्षेत्रफळाने भागल्यास ६.१ हे गुणोत्तर मिळते. पंख किती लांबट आहे हे त्यावरून कळते. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक-चतुर्थांश अंतरावर, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर मागे, धरून प्रारंभ करता येतो.

आकड्यांचे गणित

स्टॉलचा वेग: वेग कमी करत गेल्यास एका मर्यादेनंतर पंखावरील हवेचा प्रवाह विस्कटतो आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणारे बल, एकाएकी घटते. यास स्टॉल म्हणतात. या मर्यादेवर लिफ्ट वजनाइतकीच असते. लिफ्ट ही हवेच्या घनतेचा निम्मा भाग, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि लिफ्टचा गुणांक यांचा गुणाकार होय. समुद्रसपाटीवरील घनता १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि साध्या पंखाचा कमाल गुणांक १.४ धरल्यास ९३० किलोग्रॅम वजनासाठी सेकंदाला २२.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८२ किलोमीटर, हा वेग येतो. येथे १.४ हा आकडा मोजलेला नसून गृहीत धरलेला आहे, ही नोंद ठेवणे आवश्यक आहे.

ड्रॅग: हवेचा विरोध थेट मोजता येत नसला तरी कमाल वेगावरून उलट मार्गाने काढता येतो. १२० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ९० किलोवॅट. पंख्याची कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास त्यातील सुमारे ६७ किलोवॅट शक्ती विमान पुढे ओढण्यास मिळते. कमाल वेग सेकंदाला ५७.२ मीटर आहे. शक्तीला वेगाने भागले असता सुमारे १,१७० न्यूटन इतका विरोध येतो आणि त्यावरून ड्रॅगचा गुणांक सुमारे ०.०२८ निघतो. हा गुणांक घालून विमान समुद्रसपाटीलगत पूर्ण शक्तीने चालवावे. ते ताशी २३० किलोमीटरने धावू लागल्यास ड्रॅग कमी पडला किंवा पंखा वाजवीपेक्षा कार्यक्षम ठरला, असा निष्कर्ष काढावा.

हे दोन हिशेब जमल्यावर वजनाची विभागणी, जडत्वाचे परिबल, सुकाणूंचा प्रभाव आणि चाकांच्या स्प्रिंगचा ताठपणा हे क्रमाने भरावेत. एका वेळी एकच आकडा बदलावा. दोन आकडे एकदम बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

त्रिमितीय आकृती

आकृती काढण्यासाठी 'ब्लेंडर' हे विनामूल्य सॉफ्टवेअर सर्वत्र वापरले जाते. विमानाची समोरची, वरची व बाजूची अशी तीन रेखाचित्रे पार्श्वभूमीला लावून त्यांवरून आकार घडवतात. तिन्ही चित्रे एकाच प्रमाणाची आहेत याची खात्री पंखांचा विस्तार व लांबी मोजून करून घ्यावी.

हलणारा प्रत्येक भाग स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवावा व त्यास अर्थपूर्ण नाव द्यावे. उजवा एलेरॉन, डावा एलेरॉन, एलिव्हेटर, रडर व पंखा हे भाग नावानेच ओळखले जातात आणि वैमानिकाने दांडी हलवली की त्या नावाचा भाग ठरवलेल्या अक्षाभोवती फिरतो. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी तो भाग जागचा हलत नाही. पस मॉथमध्ये एक मनोरंजक तपशील आहे: चाकांच्या आधारदांड्यांवरील आवरणे आडवी फिरवून हवेतील ब्रेकसारखी वापरता येत असत. मूळ सांगाडा नीट उडू लागल्यावर असा तपशील जोडण्यात आनंद असतो, आधी नव्हे.

चाचणी-उड्डाण: कोल्हापूर ते जोतिबा

तयार विमानाची परीक्षा परिचित भूप्रदेशावर घेणे उपयुक्त ठरते, कारण अंतरे व उंची यांचा निर्मात्यास अंदाज असतो. कोल्हापूर परिसरातील विद्यार्थ्यांसाठी उजळाईवाडी येथील विमानतळापासून जोतिबाच्या डोंगरापर्यंतचा मार्ग या दृष्टीने सोयीचा आहे.

विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तर पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथील जोतिबा देवस्थान सुमारे ९५० मीटरवर. सरळ रेषेतील अंतर सुमारे २० किलोमीटर असून दिशा वायव्येची आहे. नैऋत्येकडे तोंड करून उड्डाण केल्यास उजवीकडे वळावे लागते. मार्गात कोल्हापूर शहर व रंकाळा तलाव डाव्या हाताला राहतात, पुढे पंचगंगा ओलांडली की डोंगर समोर येतो आणि त्याच्या पलीकडे पन्हाळगड दिसतो.

या छोट्या फेरीत तीन गोष्टींची परीक्षा होते.

चढाई: डोंगरमाथ्यावरून ३०० मीटर उंचीने जायचे तर विमानतळापासून ६५० मीटर, म्हणजे सुमारे २,१३० फूट चढावे लागेल. पस मॉथची आरंभीची चढाई मिनिटाला सुमारे ६३० फूट दिली जाते. त्या हिशेबाने साडेतीन मिनिटे लागतात. हवा विरळ असल्याने प्रत्यक्षात थोडी अधिक. विमान एका मिनिटातच माथ्यावर पोहोचले तर इंजिन प्रमाणाबाहेर शक्तिशाली झाले आहे.

प्रवासी वेग: ताशी १७४ किलोमीटर वेगाने २० किलोमीटर अंतर सुमारे सात मिनिटांत कापले जाते. वारा शून्यावर ठेवून घड्याळ लावावे.

विरळ हवा: एप्रिल-मे महिन्यांतील ३५ अंश सेल्सिअस तापमानाला ६०० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे १.०७ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते, म्हणजे प्रमाण घनतेपेक्षा सुमारे १३ टक्के कमी. त्यामुळे ताशी ८२ किलोमीटरचा स्टॉलचा खरा वेग ८८ वर जातो. वेगदर्शक मात्र साधारण ८२च दाखवतो, कारण तोही त्याच विरळ हवेचा दाब मोजतो. याचा अर्थ काटा नेहमीच्या जागी असताना जमीन अधिक वेगाने मागे जाते आणि धावपट्टी जास्त लागते. सिम्युलेटरचे तापमान १५ व ३५ अंशांवर ठेवून दोन वेळा उड्डाण केल्यास हा फरक स्पष्ट होतो. चैत्र यात्रेच्या दिवसांत डोंगर चढणाऱ्या भाविकाला जो उन्हाळा जाणवतो, तो विमानालाही जाणवतो.

नेहमी होणाऱ्या चुका

एककांचा गोंधळ ही सर्वांत सामान्य चूक आहे. जुनी माहिती पौंड व फुटांत असते, ब्लेंडरमध्ये मीटर असतात, तर जेएसबीसिममध्ये अनेकदा इंच वापरले जातात. पौंडाचा आकडा किलोग्रॅमच्या जागी भरला गेल्यास विमान दुपटीहून जड होते.

अक्षांची दिशा ही दुसरी चूक. फ्लाइटगिअरमधील आकृतीत पहिला अक्ष शेपटीकडे वाढतो, तर यासिममध्ये तोच अक्ष नाकाकडे वाढतो. चिन्ह उलटले की गुरुत्वमध्य भलत्याच जागी जातो आणि विमान उड्डाण करताच नाक वर करून कोसळते.

चाके जमिनीला टेकण्याचे बिंदू आकृतीतील चाकांशी जुळले नाहीत, तर विमान आरंभीच उसळते किंवा जमिनीत रुतलेले दिसते. यावर रंगकामात वेळ न घालवता प्रथम हे बिंदू तपासावेत.

अनेकांचे पहिले विमान अपुरे राहते ते मात्र यांपैकी कशाने नव्हे, तर कॉकपिटमधील प्रत्येक खिळा काढण्याच्या हव्यासाने. आधी उडणारे, मग दिसणारे, मग नटलेले हा क्रम पाळल्यास काम तडीस जाते.

मर्यादा

सिम्युलेटरमधील विमान निर्मात्याने लिहिलेल्या गोष्टीच दाखवते. पस मॉथचा इतिहास याबाबत बोलका आहे. इ.स. १९३०च्या दशकाच्या आरंभी या जातीची काही विमाने हवेतच पंख तुटून कोसळली व त्यांत जीवितहानी झाली. चौकशीनंतर पंखांच्या आधारदांड्यांच्या रचनेत सुधारणा करण्यात आली. वर दिलेल्या आठ आकड्यांत या दोषाचा मागमूसही नाही. त्यांवरून केलेले विमान वादळी हवेतही निर्धास्त उडेल; कारण त्याचा पंख तुटू शकतो, हे त्यास कोणी सांगितलेलेच नाही. म्हणून सिम्युलेटरमध्ये विमान उडाले, यावरून ते प्रत्यक्षात सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

उलट बाजूने मात्र आकडे उपयोगी पडतात. एखादी रचना गणितातच उडत नसेल, तर ती प्रत्यक्षात उडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. इ.स. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमानांचा असाच अभ्यास केला. हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील विमाने वर्णनाप्रमाणे उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ग्रंथात रेखाचित्रे आहेत. परंतु केवळ रेखाचित्र असल्याने विमान सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष विमानबांधणीशी तुलना

मुंबईतील वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. इ.स. २०१६ मध्ये मुंबईतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडण्यात आले आणि इ.स. २०१७ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. घरी बांधलेल्या विमानाला नोंदणी, तपासणी व उड्डाणाची परवानगी अशा अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. सिम्युलेटरमधील विमानाला यांपैकी काहीच लागत नाही. तेथे तपासनीस निर्माता स्वतःच असतो, त्यामुळे प्रामाणिकपणाची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

नोंदी, श्रेय व परवाना

तयार विमान इतरांना देताना त्यासोबत एक साधी नोंद जोडण्याची प्रथा चांगली आहे. तीत कोणते आकडे छापील माहितीतून घेतले, कोणते गणिताने काढले आणि कोणते अंदाजाने भरले हे वेगवेगळे लिहावे. पस मॉथच्या उदाहरणात पंखांचा विस्तार पहिल्या वर्गात, ड्रॅगचा गुणांक दुसऱ्या वर्गात, तर १.४ हा लिफ्टचा गुणांक व ७५ टक्के कार्यक्षमता तिसऱ्या वर्गात मोडते. अशी नोंद असल्यास पुढे अधिक चांगली माहिती मिळालेली व्यक्ती नेमका तोच आकडा सुधारू शकते. नोंद नसल्यास अंदाज हाच पुढे पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागतो.

इतरांची आकृती, छायाचित्रे किंवा ध्वनी वापरल्यास त्यांचा परवाना पाहून श्रेय द्यावे. फ्लाइटगिअरच्या मूळ संग्रहातील साहित्य मुक्त परवान्याखाली असते. त्यात बदल करून वितरण करताना तोच परवाना कायम ठेवावा लागतो. विमान कंपन्यांची बोधचिन्हे हा वेगळा हक्क असून त्यांचा वापर जपून करावा.